जुनं एक्सचेंज आयपीवर नेताना खरा वेळ कुठे जातो

प्रश्न असा आला आहे: "मी दूरसंचारात नवीन इंजिनियर आहे. जुनी टीडीएम एक्सचेंजं बंद करून ग्राहकांना सॉफ्टस्विचवर नेण्याच्या प्रकल्पावर माझी नेमणूक झाली आहे. नवं यंत्र बसवायचं, लाईनी जोडायच्या, नंबर भरायचे, एवढंच काम मला दिसतं. मग त्याला वर्ष-दीड वर्ष का धरतात? आणि चुकतं ते नेमकं कुठे?"

मी स्विचिंगमध्ये ३० वर्षं काढली. पहिला निम्मा काळ टीडीएम, म्हणजे प्रत्येक कॉलला वेळेचा ठरलेला तुकडा देणाऱ्या, एक्सचेंजच्या देखभालीत गेला, उरलेला सॉफ्टस्विच (कॉल जोडण्याचं काम सॉफ्टवेअरने करणारा स्विच) आणि गेटवे (जुनं जाळं आणि आयपी जाळं जोडणारं यंत्र) बसवण्यात. थेट उत्तर आधी देतो. नवं यंत्र बसवणं हे या प्रकल्पातलं सगळ्यात हलकं काम आहे. वेळ जातो तो जुनं जाळं मुकाट्याने जी कामं करत आलं, ती शोधून काढण्यात. त्यातली बरीचशी कुठल्याही नकाशावर, कुठल्याही रजिस्टरात नोंदलेली नसतात. ती सुटली तरी पहिल्या दिवशी कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात कळतं, आणि तेव्हा तक्रार "फोन बंद आहे" इतकी सरळ नसते.

आधी एक शब्द मनातून काढून टाका: "इंटरनेटवरचा फोन". कंपनी जेव्हा आवाज आयपीवर नेते, तेव्हा तो सार्वजनिक इंटरनेटवरून जात नाही. तो कंपनीच्या स्वतःच्या, बंदिस्त आयपी जाळ्यातून जातो, आणि त्या जाळ्यात आवाजाच्या पाकिटांना (आयपीत आवाज ज्या छोट्या तुकड्यांत जातो त्यांना) वेगळी, सगळ्यांच्या पुढची रांग असते. ही रांग प्रत्येक राउटरवर, प्रत्येक स्विचवर नीट लावलेली आहे का, हे स्वतः तपासा. एका ठिकाणी जरी ती राहिली, तरी संध्याकाळी लोक व्हिडिओ बघायला बसले की आवाज तुटायला लागतो आणि सकाळी तुम्ही तपासायला जाता तेव्हा सगळं ठणठणीत असतं.

आता जुन्या जाळ्यात काय होतं ते बघू, कारण तिथेच पुढच्या सगळ्या अडचणींची मुळं आहेत. डिजिटल एक्सचेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. म्हणून एका बोलण्याला ६४ किलोबिट. असे ३० कॉल एका ई-१ वर, म्हणजे एक्सचेंजांमधल्या एका डिजिटल जोडणीवर, बसतात: एकूण ३२ टाइमस्लॉट, त्यातला शून्य क्रमांकाचा जुळणीसाठी, सोळावा बहुधा सिग्नलिंगसाठी. कॉल लागला की दोन्ही टोकांमधला तो स्लॉट त्या दोघांचाच. बोला, गप्प बसा, रिसीव्हर बाजूला ठेवून दारात कोण आलंय ते बघून या, स्लॉट राखीवच राहतो. त्यामुळे उशीर ठरलेला, क्रम ठरलेला, आणि सगळ्या जाळ्याचं घड्याळ एक.

आयपीत यातलं काहीच आपोआप मिळत नाही. २० मिलिसेकंदांचा आवाज म्हणजे १६० बाइट. त्यावर पाकिटाचा पत्ता आणि क्रमांक सांगणारे आयपी, यूडीपी आणि आरटीपीचे मिळून ४० बाइट चढतात. सेकंदाला अशी ५० पाकिटं. हिशेब केला तर ६४ चे ८० किलोबिट होतात, आणि इथरनेटचं ओझं त्याच्याही वर. म्हणजे "आयपीवर गेलं की बँडविड्थ वाचते" हे साध्या आवाजाच्या बाबतीत खरं नाही. जी.७२९ सारखा कोडेक (आवाज दाबून लहान करण्याची पद्धत) वापरून आवाज ८ किलोबिटवर आणता येतो, पण फॅक्स, मोडेम आणि अलार्मचे सूर त्यात टिकत नाहीत. माझा सल्ला स्पष्ट आहे: लँडलाईनच्या जाळ्यात आतून बाहेरून जी.७११ च, म्हणजे तो ६४ किलोबिटचा साधा आवाजच, ठेवा. मधल्या एखाद्या टप्प्यावर जागा वाचवायला दाबलेला आवाज पुढे कुणालाही पूर्ववत करता येत नाही.

मग कंपन्या हे करतात तरी कशासाठी? मुख्य कारण वेग नाही, सुटे भाग आहेत. आपल्याकडच्या स्विचरूममध्ये ओसीबी-२८३, ईडब्ल्यूएसडी, ५ईएसएस, एएक्सई-१० आणि आपल्या सी-डॉटची मॅक्स ही नावं घरच्यासारखी होती. ओसीबी अल्काटेलचं, ईडब्ल्यूएसडी सीमेन्सचं, ५ईएसएस ल्युसेंटचं. एकेकाळचे हे तिघे कट्टर स्पर्धक. २००६ मध्ये अल्काटेल आणि ल्युसेंट एक झाल्या, २००७ मध्ये सीमेन्सचा नेटवर्क विभाग नोकियाबरोबरच्या भागीदारीत गेला, आणि २०१६ मध्ये अल्काटेल-ल्युसेंटही नोकियाकडे आली. तिघांचा वारसा एकाच घरात गेल्यावर त्या घराने तीन जुनी यंत्रं पोसत राहायचं कारण उरत नाही. कार्ड जळलं की बंद झालेल्या दुसऱ्या एक्सचेंजमधून कार्ड काढून आणायचं, अशी पाळी सगळ्यांवर आली. तीच गत माणसांची. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. एमडीएफवरची (एक्सचेंजमधली सगळ्या तारा जोडण्याची चौकट) कुठली जोडी कुठल्या पिलरला (रस्त्यावरची तारांची पेटी) जाते आणि कुठल्या डीपीवर (घरांजवळची छोटी पेटी) उतरते हे तोंडपाठ असणारी माणसं घरी जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर कागदावर नसलेला नकाशाही जातो. तुमच्या भागात अशी निवृत्त मंडळी असतील तर सर्वेक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन बसा. मी नेहमी हे केलं आणि एकदाही रिकाम्या हाताने परतलो नाही.

बदल करण्याच्या तीन जागा असतात. पहिली, दोन एक्सचेंजमधला प्रवास: टॅक्स किंवा टँडम (कॉल पुढे वळवणारी मधली एक्सचेंजं) काढून तिथे गेटवे आणि सॉफ्टस्विच. दुसरी, एक्सचेंजचं डोकं बदलायचं पण ग्राहकाची तांब्याची तार तशीच ठेवायची. तिसरी, थेट घरापर्यंत फायबर नेऊन तारच काढायची. या तिन्ही गोष्टी एकत्र करू नयेत असं माझं पक्कं मत आहे.

जपानचं उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. तिथल्या एनटीटी कंपनीने २०१० मध्येच सांगून ठेवलं की जुनी एक्सचेंजं २०२५ च्या सुमारापर्यंत बदलून आयपीवर न्यायची. प्रत्यक्ष बदल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये संपला. सर्वसामान्य ग्राहकाला यात काहीच करावं लागलं नाही: तार तीच, फोन तोच, नंबर तोच. बदललं ते आतलं जाळं. उलट दर बदलले, कारण आयपीत अंतराला अर्थ उरत नाही. देशभरात कुठेही ३ मिनिटांना ९.३५ येन, करासह. एक सेवा मात्र त्यांनी उघडपणे बंद केली, आयएसडीएनची (फोनच्या तारेवरची जुनी डिजिटल जोडणी) डिजिटल डेटा सेवा. दुकानांतली कार्डयंत्रं, कंपन्यांची ऑर्डर देण्याघेण्याची यंत्रणा तिच्यावर चालायची, आणि लोकांना ते बदलायला कितीतरी वर्षं आधी सांगितलं गेलं. १४ वर्षांची तयारी, १ वर्षाचं काम. तुमच्या वरिष्ठांना मुदतीचं गणित सांगताना हे उदाहरण द्या.

ब्रिटनमध्ये बीटी या फोन कंपनीने २००४ मध्ये ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी नेटवर्क नावाने सगळंच एकदम बदलायचा बेत जाहीर केला. २००६ च्या शेवटी कार्डिफजवळ पहिले ग्राहक हलवले. पुढे आवाजाचा भाग थांबवावा लागला आणि जुनी सिस्टीम-एक्स एक्सचेंजं आणखी पंधरा-वीस वर्षं चालत राहिली. डेटाचं जाळं उभं राहिलं, आवाज मात्र अडला. आपल्याकडे सी-डॉटने मॅक्स-एनजी काढलं ते दुसऱ्या जागेवरचं काम आहे: ग्राहकांच्या लाईनचा भाग तसाच ठेवायचा आणि वरचा नियंत्रणाचा भाग आयपीवर न्यायचा. मला हा मार्ग मनापासून आवडतो. एमडीएफला हातच लावावा लागत नाही, म्हणजे निम्म्या चुका जन्मालाच येत नाहीत.

आता "मुकाट्याने केलेल्या कामां"कडे येतो. सगळ्यात आधी घड्याळ, कारण नवीन मुलं इथे हमखास फसतात.

टीडीएम जाळ्यात प्रत्येक एक्सचेंज वरच्या एक्सचेंजकडून ई-१ वरूनच घड्याळ घेतं. कुणाला काही वेगळं करावं लागत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. तुम्ही मधला टॅक्स काढून गेटवे ठेवलात की ही साखळी तुटते. पाकिटांबरोबर घड्याळ आपोआप येत नाही, ते वेगळं द्यावं लागतं: जीपीएसवरून, किंवा पाकिटांतून वेळ पोचवणाऱ्या पीटीपीने. दोन बाजूंच्या घड्याळांत फरक पडला की थोड्या थोड्या वेळाने १२५ मायक्रोसेकंदांची एक अख्खी फ्रेम गळते किंवा दोनदा येते. याला स्लिप म्हणतात. दोन्हीकडे चांगली प्राथमिक घड्याळं असतील तर स्लिप साधारण ७२ दिवसांतून एकदा पडते. फरक दहा लाखांत एक इतका असेल तर दर १२५ सेकंदांनी.

हे आकडे मला एका तालुक्याच्या ठिकाणी शिकायला मिळाले. आमच्या पथकाने बदल केला, चाचणीचे सगळे कॉल उत्तम, आवाज स्वच्छ. आठवड्याने एका बँकेच्या शाखेतून तक्रार आली: फॅक्सचं पहिलं पान कधी जातं कधी नाही, दुसरं क्वचितच, तिसरं कधीच जात नाही. आम्ही फॅक्स यंत्र बदलून पाहिलं, लाईन बदलली, टी.३८ (आयपीवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत) चालू केलं, बंद केलं. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी एका जुन्या टेक्निशियनने गेटवेचा स्लिप काउंटर उघडून माझ्यासमोर ठेवला. दोन मिनिटांनी एक, दोन मिनिटांनी एक, घड्याळ लावावं तसा आकडा वाढत होता. बोलणाऱ्याला ती स्लिप म्हणजे एक बारीकशी "टिक", कानाला जाणवतही नाही. एक पान जायला लागणाऱ्या मिनिटभरात ती निम्म्या वेळा सापडायची नाही, पण तीन मिनिटांच्या फॅक्सला ती गाठायचीच. गेटवेवर घड्याळाचा स्रोत "अंतर्गत" असा राहून गेला होता. सेटिंगची एक ओळ. तेव्हापासून बदल झाला की मी कॉल लावून बघण्याआधी स्लिप काउंटर बघतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघतो.

दुसरं, तारेवरचे इशारे. तांब्याची लाईन नुसता आवाज नेत नाही. एक्सचेंज तिच्यावर ४८ व्होल्ट ठेवतं, घंटीसाठी ७५ व्होल्टच्या आसपासचा उलटसुलट प्रवाह सोडतं, आणि समोरच्याने फोन उचलला की कॉल लावणाऱ्याच्या लाईनवर पोलॅरिटी उलटी करतं. एसटीडी बूथवरचं बिलाचं यंत्र या उलट्या पोलॅरिटीवर मीटर चालू करायचं. बूथ गेले, पण तशीच यंत्रणा असलेले ईपीएबीएक्स (इमारतीतली छोटी एक्सचेंजं) अजून हॉटेलांत, वसतिगृहांत, धर्मशाळांत आहेत. एका यात्रेच्या गावी बदल झाल्यावर तिथल्या लॉजच्या मालकांनी फोन केला: कॉल लागतात, बोलणं होतं, पण खोल्यांच्या बिलात फोनचा आकार शून्य. नव्या एक्सेस गेटवेवर (ग्राहकांच्या तारा जिथे जोडतात त्या गेटवेवर) रिव्हर्सलची, म्हणजे पोलॅरिटी उलटण्याची, सोय होती, त्या लाईनींपुरती ती चालू करायची राहिली होती. जुन्या एक्सचेंजच्या डेटात ती खूण स्पष्ट होती. आम्ही डेटा उतरवून घेताना "अनावश्यक रकाने" म्हणून जे वगळलं, त्यात ती गेली. म्हणून सांगतो, जुन्या डेटातला एकही रकाना अर्थ समजल्याशिवाय सोडू नका. हंटिंग (एक लाईन व्यस्त असेल तर पुढच्या लाईनवर जाणं), हॉटलाईन, एसटीडी बंद, पल्स डायलिंग, सगळं. पल्सचं तर विशेष: काही नवे गेटवे गोल डायलच्या फोनचे पल्स ओळखतच नाहीत, आणि असा फोन जपून ठेवलेलं घर बहुधा एकट्या वृद्ध माणसाचं असतं.

तिसरं, कॉल न लागण्याची भाषा. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण रोजच्या तक्रारींत याचा वाटा मोठा असतो. सीसीएस-७ मध्ये (जुन्या एक्सचेंजांची आपसातली निरोपांची भाषा) कॉल का तुटला याचा आकडा येतो: १७ म्हणजे व्यस्त, १ म्हणजे असा नंबरच नाही, ३४ म्हणजे सर्किट मोकळं नाही. एसआयपीत (आयपी जाळ्यातली निरोपांची भाषा) त्याचे आकडे वेगळे: ४८६, ४०४, ५०३. भाषांतराचा तक्ता चुकला की समजा नसलेल्या नंबरसाठी ५०३ परत गेलं, तर मागच्या स्विचला वाटतं रस्ता भरलाय, आणि तो तोच कॉल दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रस्त्याने पाठवत राहतो. एका चुकीच्या नंबरमागे जाळ्यात चार कॉल फिरतात. आणि "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही" ही सूचना तर समोरच्याने फोन उचलण्याआधी ऐकवायची असते. एसआयपीत ती १८३ या निरोपाबरोबर आधीच खुल्या केलेल्या वाटेने येते. ती वाट मधल्या सीमेवरच्या एसबीसीने, म्हणजे तिथे पहारा देणाऱ्या यंत्राने, अडवली की ग्राहकाला नुसती शांतता ऐकू येते. तो तक्रार काय करणार? "फोन मुका झाला." तुम्ही त्याची लाईन तपासता, लाईन उत्तम. असे तास वाया जातात.

एकतर्फी आवाजाचंही मूळ असंच. टीडीएममध्ये कॉलचं नियंत्रण कुठूनही गेलं तरी आवाजाचा स्लॉट दोन्ही दिशांनी एकत्रच जोडला जायचा. आयपीत निरोप एका वाटेने, आवाज दुसऱ्या वाटेने, आणि जाण्याची वाट येण्याहून वेगळी असू शकते. कुठल्या तरी राउटरमध्ये परतीचा रस्ता भरायचा राहिला की "मला ऐकू येतं, त्यांना येत नाही." ही तक्रार आली की लाईनमनला पाठवू नका. आधी आरटीपीची पाकिटं दोन्ही टोकांना मोजा.

आपत्कालीन नंबर ही गोष्ट मला सगळ्यात जास्त जिवाची वाटते. जुनं एक्सचेंज गावात होतं, त्यामुळे १०० किंवा १०१ लावलं की ते गावाच्याच, फार तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जायचं. कुठे जायचं हे नंबरात नव्हतं, एक्सचेंजच्या जागेत होतं. आता चार-पाच जिल्ह्यांचे ग्राहक एकाच सॉफ्टस्विचवर असतात आणि तो स्विच दूरच्या शहरात असतो. प्रत्येक लाईनला तिचं ठिकाण सांगणारी नोंद नसेल तर एका जिल्ह्यातला आगीचा फोन दुसऱ्या जिल्ह्यातल्या अग्निशमन दलाला लागतो. आमच्या एका चाचणीत हे प्रत्यक्ष घडलं. नशिबाने ती चाचणीच होती, पण पलीकडून बोलणारा माणूस विचारत होता, "कुठलं गाव म्हणालात?" आणि ते गाव त्याच्या जिल्ह्यातच नव्हतं. प्रत्येक एक्सचेंजच्या हद्दीतून, प्रत्येक तीन आकडी नंबर, बदलाआधी कळवून आणि बदलानंतर लगेच, हाताने लावून बघायचा. एकाही हद्दीची चाचणी नमुन्यादाखल म्हणून सोडायची नाही.

याच केंद्रीकरणातून आणखी एक धोका येतो. पूर्वी घाटात दरड कोसळून केबल तुटली तर एसटीडी बंद व्हायचं, पण गावातल्या गावात फोन चालायचे. दवाखाना, पोलीस ठाणं, शेजारचं घर लागायचं. आता गावात राहिलं ते फक्त गेटवे. कॉल लावण्याचं डोकं शंभर-दोनशे किलोमीटरवर. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडलं की समोरच्या घरालाही फोन लागत नाही. कागदावर दोन रस्ते असतात, पण कित्येकदा दोन्ही फायबर एकाच पुलावरून, एकाच चरातून गेलेली असतात. नकाशा बघून समाधान मानू नका, गाडी काढून चर बघून या. आणि एक्सेस गेटवे घेताना मध्यवर्ती स्विचशी संपर्क तुटला तरी स्थानिक कॉल स्वतः जोडण्याची सोय त्यात आहे का, ती परवान्यासह चालू आहे का, हे लेखी मागून घ्या. कोकणात किंवा सह्याद्रीच्या पट्ट्यात काम असेल तर या मुद्द्यावर अडून बसा.

विजेचं असंच. तांब्याच्या फोनला घरची वीज लागत नव्हती. एक्सचेंजच्या तळमजल्यावरची बॅटरी रूम आणि डिझेल जनरेटर गावातल्या प्रत्येक फोनला जिवंत ठेवायचे. फायबरवर गेल्यावर घरातल्या ओएनटीला (फायबर जिथे संपतं ती पेटी) घरचीच वीज. दिवे गेले की फोन गेला, आणि फोनची खरी गरज कित्येकदा दिवे गेल्यावरच पडते. ब्रिटनमध्ये नियामकाने यासाठी कंपन्यांवर बंधन घातलं आहे की लँडलाईनवरच अवलंबून असणाऱ्यांना वीज गेल्यावर किमान १ तास आपत्कालीन नंबर लावता आला पाहिजे. तिथे सुमारे १८ लाख लोक गळ्यातलं बटण दाबून मदत मागण्याची यंत्रणा वापरतात, आणि ती यंत्रणा फोनलाईनवरून सुरांनी बोलते. काही ठिकाणी आयपीवर गेल्यानंतर हे अलार्म लागले नाहीत, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांनी सक्तीचे बदल थांबवले. जुनं जाळं बंद करण्याची तारीख २०२५ च्या अखेरीवरून ३१ जानेवारी २०२७ वर गेली. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरी असा अलार्म असेल, तर फोन कंपनीला तो आहे हे आधी कळवून ठेवावं आणि बदलानंतर बटण दाबून खात्री करावी. ती तारीख पुढे गेली ती स्विच तयार नव्हता म्हणून नव्हे. कुणाच्या घरी काय जोडलेलं आहे याची यादी कुणाकडेच पुरी नव्हती.

दुसऱ्या कंपन्यांशी जोडणीचं एक उदाहरण देऊन पुढे जातो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाली ती फक्त ४जी घेऊन, म्हणजे सगळा आवाज मुळातच आयपी. पण बाकीच्या कंपन्यांशी जोडणी ई-१ वर होती, ३० कॉलला एक. लाखो नवे ग्राहक जुन्या नंबरांना फोन लावू लागले आणि दोन जाळ्यांच्या सीमेवर कॉल अडले. नियम असा की अशा सीमेवर १,००० पैकी ५ पेक्षा जास्त कॉल अडू नयेत. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट अडत होते. पुरेसे ई-१ दिले नाहीत की मागितलेच उशिरा, यावरून वाद झाला, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने तीन कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. वादात कोण बरोबर हा तुमचा विषय नाही. तुमच्यासाठी त्यातली तांत्रिक बाजू महत्त्वाची: तुमचं स्वतःचं जाळं पूर्ण आयपी झालं तरी समोरचा तयार होईपर्यंत ट्रंक गेटवे आणि ई-१ ठेवावेच लागतात. प्रकल्पाच्या खर्चात ते "तात्पुरते" म्हणून दाखवू नका. ते पाच-सात वर्षं राहतात.

कटओव्हरच्या, म्हणजे लाईनी जुन्यावरून नव्यावर हलवण्याच्या, रात्रीबद्दल लोक फार विचारतात, पण तयारी झाली असेल तर ती रात्र शांत जाते. तार तीच ठेवून नव्या गेटवेवर न्यायचं असेल, तर आठवडे आधी एमडीएफवर प्रत्येक जोडी दोन्हीकडे समांतर जंपर करून (जोडतारेने जोडून) ठेवतात. नव्या बाजूच्या टॅगमध्ये (तार जिथे बसते त्या जागेत) इन्सुलेशनच्या पट्ट्या अडकवलेल्या असतात, म्हणजे तिकडे विद्युत जोडणी नसते. रात्री दोननंतर रहदारी तळाला गेली की चालू कॉल संपू देतात, मग एक रांग जुन्या बाजूचे फ्यूज काढते आणि दुसरी रांग नव्या बाजूच्या पट्ट्या ओढते. हजार लाईनी काही मिनिटांत पलीकडे. त्यानंतर ग्राहकाच्या जोडीवर डायल टोन आहे का, आणि त्या जोडीवरून स्वतःचा नंबर तोच दिसतो का, हे एकेक करून ऐकतात. नंबर तोच राहतो, कारण तो तारेवर लिहिलेला नसतो, तो स्विचच्या तक्त्यात असतो. पण जंपर एका टॅगने सरकला असेल तर एकाच्या नंबरावर दुसऱ्याचं घर येतं, आणि दोन्ही फोन "चालू" असल्याने यंत्र काहीच बोलत नाही. म्हणून नंबर ऐकणं टाळायचं नाही, पहाट झाली तरी. परत फिरायची वेळ आधीच ठरवा. आम्ही पहाटे चार ठेवायचो. चारला मोठा दोष शिल्लक असेल तर फ्यूज परत लावायचे, चर्चा नाही.

बिलाचा एक महिना दोन्ही प्रकारे काढून बघा. नवे स्विच सेकंद वेगळ्या ठिकाणी मोजायला सुरू करतात, त्यामुळे फरक पैशांत छोटा पण तक्रारींत मोठा दिसतो.

बदल झाल्यावर जुन्या यंत्राची वीज लगेच बंद करायचा मोह आवरा. ती जागा, तो एसीचा भार, ते वीजबिल सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसत असतं आणि दडपण येतं. तरी तीन महिने थांबा, आणि रोज सकाळी त्याच्या ट्रंक ग्रुपांची (बाहेर जाणाऱ्या जोडण्यांची) रहदारी बघा. एका ठिकाणी आमचं जुनं एक्सचेंज रिकामं झाल्यावर पाच आठवडे एकही कॉल नव्हता, फक्त रविवारी पहाटे तीनच्या सुमारास एक कॉल दिसायचा, अकरा सेकंदांचा. कुणी म्हणालं चाचणीचा असेल. सहाव्या रविवारी मी आणि एक सहकारी रात्री तिथे बसलो, कॉल आला तेव्हा जोडी शोधली आणि केबलच्या मागे मागे गेलो. ती जोडी एमडीएफवर कुठल्याच यादीत नव्हती, जुन्या रॅकच्या मागून थेट जोडलेली होती. पलीकडे एका सहकारी पतसंस्थेची तिजोरी होती. तिच्या अलार्मचं यंत्र आठवड्यातून एकदा मध्यवर्ती कार्यालयाला "मी चालू आहे" असं कळवत होतं. सोमवारी पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना घेऊन आम्ही ती लाईन नव्या गेटवेवर आणली, त्यांच्यासमोर तिजोरीचा अलार्म वाजवून पाहिला, पुढच्या रविवारचा तीनचा कॉल नव्या स्विचच्या नोंदीत आलेला बघितला, आणि मग जुन्या एक्सचेंजचं मुख्य बटण खाली केलं.